बनियनच्या जाहिरातीखाली गेलेला शेवट

“यान येऊ दे की, लाटकर,” मगदूमअण्णा म्हणाले. “तुमचं काय जातंय?”

“येत नाही, अण्णा.”

“का येत नाही? तुम्हीच लिहिताय नव्हं? तुम्ही आणलं की आलं.”

अण्णांनी माझी कथा हातात तोलून पाहिली. कथा वाचण्याची त्यांची ही पहिली पायरी होती. वजनावरून पानं किती होतील याचा अंदाज ते बरोबर बांधत.

ही इचलकरंजीतली गोष्ट. साल अठ्ठ्याहत्तर, नागपंचमी नुकतीच झालेली. जिनदत्त मगदूम यांचा छापखाना सुताला खळ लावायच्या एका कारखान्याच्या मागे होता. तिथे बसलं की अंगालाच खळ लागल्यासारखं व्हायचं. वर्षाचे अकरा महिने अण्णा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत आणि बाराव्या महिन्यात ‘रंगधागा’ नावाचा दिवाळी अंक काढत. बाराव्या महिन्यात ते स्वतःला संपादक म्हणवत आणि धोतराऐवजी पँट घालत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वीज मंडळात मीटर वाचायचो आणि विज्ञानकथा लिहायचो. पुढे चाळीस वर्षं मी विनोदावर काढली, त्यामुळे आता हे कुणाला खरं वाटत नाही. पण त्या काळी माझ्याइतका गंभीर माणूस इचलकरंजीत नव्हता. वर्षातून एकदा नगरपालिकेसमोर रशियन पुस्तकांची गाडी लागायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, आणि किंमत अशी की मीटर वाचणाऱ्यालाही परवडावी. त्या गाडीनं मला बिघडवलं. शहर वाचनालयात विज्ञानकथांचा अर्धा कप्पा होता. त्यावर ‘शेती व इतर’ अशी चिठ्ठी होती. तो कप्पा मी तीनदा वाचून काढला. शेतीसकट.

चार वर्षांत चौदा कथा पाठवल्या, चौदा परत आल्या. एका संपादकांनी कळवलं होतं, ‘कथा चांगली आहे, परंतु आमच्या वाचकांना चंद्र कोजागिरीपुरता पुरतो.’

पंधरावी ‘दिवा’. मंगळावर माणसांची वस्ती. तीनशे माणसं, तिसरी पिढी. आजोबांच्या वेळेपासून पृथ्वीवरून निरोप येतो आहे, ‘निघालो आहोत, वाट पाहा.’ यानाला वस्ती सापडावी म्हणून रोज संध्याकाळी टेकडीवर एक मोठा दिवा लावतात. शेवटी निरोप ऐकण्याच्या कामावर असलेल्या बाईच्या लक्षात येतं की हा निरोप म्हणजे एकच जुनी फीत आहे, पुन्हा पुन्हा वाजणारी. बोलणारी माणसं चाळीस वर्षांपूर्वीच संपली. शेवटचं वाक्य होतं, ‘पृथ्वीवर कुणीच नव्हतं.’ ते लिहिलं त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी बोललो नाही. मला वाटलं, आता बोलण्यासारखं काय उरलं आहे.

“दिवाळी अंक आहे हा,” अण्णा म्हणाले. “माणसं फराळ करत वाचतात. चकली तोंडात आणि तुम्ही सांगणार पृथ्वीवर कुणी नाही.”

“तीच तर कथा आहे, अण्णा.”

“बरं, यान नको. एक पत्र तरी येऊ दे. पोस्टानं.”

“मंगळावर पोस्ट नाही.”

“तीनशे माणसं आहेत आणि पोस्ट नाही? आमच्या गावाला, हेरल्यात आहे.”

असं दोन महिने चाललं. मी आठवड्यातून दोनदा जायचो आणि अण्णा दर वेळी नवा शेवट सुचवायचे. त्या बाईचं कुणाशी तरी लग्न व्हावं. मंगळ कोल्हापूरजवळ आणावा. सगळं स्वप्न निघावं आणि ती बाई इचलकरंजीत जागी व्हावी. हा शेवटचा उपाय त्यांना फारच आवडला होता, कारण तिला जाग येते ती एका विशिष्ट चादरीत, आणि त्या चादरीवाल्यांची जाहिरात त्यांच्याकडे आली होती. मी एकच वाक्य म्हणत राहिलो. शेवट बदलणार नाही. छापायची तर शेवटासकट छापा. मला माहीत होतं की ही परत आली तर सोळावी लिहायचं बळ माझ्यात नाही. तसं मी अण्णांना सांगितलंही. ते म्हणाले, “पंधरा म्हणजे पुष्कळ झाल्या की.”

मग एके दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं. चहा मागवला. अण्णांचा चहा म्हणजे धोक्याची घंटा.

“लाटकर, तुमची कथा घेतली. शेवटासकट.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“एक काम करायचं. पुजारीबुवा फुटले.”

पुजारीबुवा ‘रंगधागा’चं वार्षिक राशिभविष्य लिहीत. अंक खपायचा तो याच सोळा पानांवर. बाकीचं सगळं, म्हणजे आम्ही लेखक, त्या सोळा पानांना बांधणीला आधार म्हणून असायचो. सांगलीच्या एका अंकानं बुवांचा रंगीत फोटो मुखपृष्ठावर छापायचं कबूल केलं आणि बुवा तिकडे गेले.

“मग मी काय करू?”

“भविष्य लिहा.”

“अण्णा, मी विज्ञानकथा लिहितो.”

“म्हणजे भविष्याचंच लिहिता नव्हं?”

“दोनशे वर्षांनंतरचं.”

“मग एका वर्षाचं काय अवघड आहे?”

मी त्यांना विज्ञान आणि ज्योतिष यातला फरक समजावून सांगितला. वीस मिनिटं सांगत होतो. अण्णांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, “बारा राशी. राशीला सव्वा पान. सोमवारपर्यंत. नाव बुवांसारखंच काहीतरी घालू, तुमचं नको. तुमच्या कथेवर मात्र तुमचं नाव आणि फोटो. टाय आहे का?”

टाय ऑफिसातल्या एकाकडून आणला. भविष्य लिहिलं.

त्या वयातल्या माझ्या तत्त्वनिष्ठेबद्दल एवढंच सांगतो, की मी एकही गोष्ट खोटी लिहायची नाही असं ठरवलं होतं. भविष्य हे वर्तमानातून निघालं पाहिजे, असं मी रशियन पुस्तकांत वाचलं होतं. रोज शंभर घरांत मीटर बघायला जात होतो, वर्तमान मला भरपूर ठाऊक होतं. मेष राशीला लिहिलं, ‘छतावरचं कौल सरकलं आहे, ते पावसाआधी बसवून घ्या.’ कर्केला, ‘शेजाऱ्याशी भिंतीवरून वाद होईल, भिंत त्याचीच आहे.’ वृश्चिकेला, ‘दातांची काळजी घ्या, दुखणं अंगावर काढू नका.’

अण्णा वाचताना कपाळाला हात लावून बसले.

“यात विवाहयोग कुठाय?”

“मला कसं कळणार कुणाचं लग्न होणार?”

“सगळ्यांचंच होतं हो. घाला. प्रत्येक राशीला विवाहयोग, प्रवास, आणि एक भीती घालायची. भीती नसली तर माणूस पुढं वाचत नाही. आणि ही कौलं, भिंती काय? हे भविष्य आहे का नगरपालिकेची नोटीस?”

शेवटी तडजोड झाली. अण्णांनी विवाह आणि प्रवास वाटून दिले, माझी कौलं आणि दात राहिले. शेवट शाबूत राहिला याच आनंदात मी घरी गेलो.

अंक वसुबारसेला आला. मी छापखान्याच्या दारातच उभा राहून उघडला. पान एकशे बारा, ‘दिवा’, दि. शं. लाटकर, टाय घातलेला माझा फोटो, त्यात मी नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखा दिसत होतो. पानं उलटली. पान एकशे एकोणीसवर निरोप ऐकणारी बाई उठते, खोलीत जाते. ‘तिनं यंत्र कानाला लावलं आणि’

त्याखाली एक धष्टपुष्ट गृहस्थ बनियन घालून हसत होते.

एकशे वीसवर पाककृती सुरू होत होत्या. भोपळ्याचे घारगे.

“अण्णा, शेवट?”

“काय झालं, बनियनवाल्यांची जाहिरात आयत्या वेळी आली. दरवर्षीचे आहेत, नाही म्हणता येत नाही. पाव पान लागत होतं. सगळीकडे बघितलं. घारग्यांतून काढलं तर घारगे बिघडतात.”

“आणि माझी कथा बिघडत नाही?”

“तुमच्या कथेत शेवटी कुणीच नव्हतं म्हणालात ना? मग आता बघा, कुणीच नाही.” हे ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. अण्णांना खरंच वाटलं होतं की आपण वाक्य तेवढं काढलं, अर्थ ठेवला.

मी त्यांच्याशी भांडलो की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही. माझ्या हातात दोन अंक भेट म्हणून होते आणि दोन्ही हातांत अंक असताना भांडता येत नाही.

यानंतर जे झालं त्यानं मी जास्त वैतागलो. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. आमचे साहेब म्हणाले, “वाचली तुमची गोष्ट. मंगळावर वीज कुठून येते ते स्पष्ट केलं नाहीत.” वायरमन सनदी म्हणाला, “फोटो चांगला आलाय.” भविष्याची मात्र ऑफिसात पारायणं चालली होती. दोघांनी कौलं बसवून घेतली. एकानं भिंतीचा दावा मागे घेतला आणि तीन दिवस सगळ्यांना हिणवलं की खरा ज्योतिषी कसा असतो बघा, बुवा नुसते थापा मारायचे.

डिसेंबरात शहर वाचनालयात दिवाळी अंकांवर चर्चा ठेवली होती. प्राध्यापक नेर्लेकर बोलायला उभे राहिले. कॉलेजात मराठी शिकवायचे, शाल खांद्यावरून घसरली की वाक्य थांबवून ती सारखी करायचे.

“‘दिवा’ या कथेत,” ते म्हणाले, “एक विलक्षण गोष्ट आहे. लेखक ‘आणि’ या शब्दावर कथा सोडतो. आजवर आपल्याकडे कथेला शेवट असायचा. इथे शेवट वाचकाच्या ओटीत घातला आहे. हे धाडस आहे.”

टाळ्या पडल्या. मी उठलो.

“सर, ते धाडस नाही. पुढे दीड परिच्छेद होता. जाहिरातीसाठी कापला.”

सभेत कुजबुज झाली. नेर्लेकरांनी शाल सारखी केली आणि माझ्याकडे पाहून मायेनं हसले.

“लेखकाला आपल्या कृतीचं आकलन असतंच असं नाही,” ते म्हणाले.

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी जास्त.

मी तिथून निघालो तो ठरवूनच, की लिहिणं बंद. लेखक म्हणून माझ्यावर कुणी रागावलं असतं तरी चाललं असतं, पण मला लेखक म्हणूनच कुणी धरत नव्हतं. ज्या शेवटासाठी दोन महिने भांडलो तो जगात दोनच माणसांनी वाचला होता. एक मी आणि दुसऱ्यानं तो कापला.

जानेवारीत माझ्याकडे गावभागातल्या कोष्टी गल्लीची फेरी आली. यशोदाबाई म्हेत्र्यांचं घर गल्लीच्या टोकाला. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मागावर काम करणाऱ्यांसाठी घरी सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. मी दर दोन महिन्यांनी जायचो, मीटर बघायचो, निघायचो. ‘मीटर’ आणि ‘येतो’ यापलीकडे आमचं बोलणं झालेलं नव्हतं.

त्या दिवशी त्या उंबऱ्याशी रहाटावर बसल्या होत्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, “आलात? बसा जरा.”

“मावशी, अजून चाळीस घरं राहिलीत.”

“ती कुठं पळत न्हाईत. बसा.”

मी बसलो. त्यांनी शेजारच्या फळीवरून वाचनालयाचा शिक्का असलेला ‘रंगधागा’ काढला. हंगामाची वर्गणी भरली की वाचनालयाकडून दिवाळी अंक घरोघर फिरत, आणि गावभागापर्यंत पोचेतो संक्रांत यायची. तोवर अंकाची पानं मऊ पडलेली असत आणि पाककृती कुणीतरी फाडून नेलेल्या असत.

त्यांनी माझा फोटो उघडला. बोटानं टाय दाखवला.

“हे तुम्हीच नव्हं?”

“मीच.”

“मला वाटलं, शेवट कुणी फाडून न्हेला. वाचनालयातल्या बाईशी भांडून आले. म्हटलं, घारगे फाडा, करंज्या फाडा, गोष्ट कशाला फाडता. मग घरी येऊन पानांचे आकडे बघितले. घारग्यांचं पान होतं जाग्यावर. सलग हायत. एकशे एकोणीस, एकशे वीस.” त्या माझ्याकडे बघू लागल्या. “म्हणजे छापलंच न्हाई. होय का न्हाई?”

अंक निघाल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. “न्हाई छापलं,” मी म्हणालो. मी एरवी ‘नाही’ म्हणतो.

“मग सांगा. तिनं यंत्र कानाला लावलं आणि?”

मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या.

“आधी हे सांगते म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. माझा थोरला अकरा वर्सं झाली, गेला. भांडून न्हाई. दुपारचं जेवला, चपला घातल्या आणि गेला. ह्या अंकात दर वर्साला वृश्चिकेला येतं, दूर गेलेल्या माणसाची सुवार्ता येईल. धा वर्सं तीच सुवार्ता. येतीया, येतीया. यंदा पहिल्यांदा दुसरं काय आलं. दातांची काळजी घ्या. मला इतकं बरं वाटलं.”

“बरं का वाटलं?”

“दाढ खरंच दुखत होती की.” त्या हसल्या. रहाट चालूच होता. “जाऊन काढून आले. ह्या भविष्यवाल्याला काय कळत न्हाई, पण माणूस खरं बोलतो.”

ते भविष्य मी लिहिलं होतं हे सांगायचा मोह मी आवरला. दाढेचं श्रेय मिळालं असतं, पण मग विवाहयोगाचाही जाब द्यावा लागला असता. आणि मुख्य म्हणजे आता माझ्यासमोर भलतीच अडचण उभी होती. ज्या शेवटातल्या एका अक्षराला मी अण्णांना हात लावू दिला नव्हता, तो मला या बाईला सांगायचा होता. पहिल्यांदाच मिळालेल्या वाचकाला. मनात म्हटलं, दिगंबर, यान आण. कोण बघतंय इथे? अण्णा नाहीत, नेर्लेकर नाहीत. उतरव एक यान टेकडीवर आणि चहा पिऊन चालू लाग.

“मावशी,” मी म्हणालो, “यान...”

“माझं मन राखू नका,” त्या म्हणाल्या. “ते करायला गल्ली हाय. तुम्ही लिहिलंय काय ते सांगा.”

मग मी सांगितलं. फीत सांगितली. चाळीस वर्षं सांगितली. शेवटचं वाक्य सांगितलं. लिहिताना ते जेवढं भारी वाटलं होतं तेवढं कोष्टी गल्लीत दुपारी अकरा वाजता वाटेना. मावशींनी भरलेली कांडी काढली, दुसरी चढवली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग दुसऱ्या दिवशी?”

“दुसरा दिवस नाही, मावशी. गोष्ट तिथेच संपते.”

“गोष्ट संपली. तीनशे माणसं हायत नव्हं तिथं? ती तर संपली न्हाईत.”

“नाही.”

“मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली. दिव्याचं काय?”

चार महिने मी त्या कथेसाठी जगाशी भांडत होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय झालं याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

“आता कशाला लावतील?” मी म्हणालो. “यान येणार नाही हे कळलं ना त्यांना.”

“ते कळलं हो. पन उजेड काय नुसता यानालाच पडत होता होय?” मावशी जरा वैतागूनच म्हणाल्या, विद्यार्थ्याला सोपं गणित न यावं तशा. “तीन पिढ्या दिवा लागतोय. त्या उजेडात कोन पाणी भरत आसल, कोन गोधडी शिवत आसल, पोरं खेळत आसतील. पयल्या दिवशी कुनी न्हाई लावनार. कबूल. जेवनारबी न्हाईत. दुसऱ्या दिवशी अंधार पडला की एखादी म्हातारी उठंल आन् जाईल. कुनी विचारलं, आता गं कुनासाठी, तर म्हनंल, मला सुईत दोरा घालायचाय.”

गल्लीत कुठेतरी माग सुरू झाले. मी मीटरची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहायला लागलो. म्हातारी, अंधार, सुई. पेन्सिलीचं टोक मोडलं. मावशींनी रहाटाशेजारची सुरी माझ्याकडे सरकवली.

“सावकाश लिहा,” त्या म्हणाल्या. “मी काय कुठं जात न्हाई.”